वेटलिस्टवर आहे आणि १ मे उलटून गेला, आता नुसती वाट बघायची का?

खाडीकाठची, भांडुप

नमस्कार सगळ्यांना. इथे बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहितेय कारण घरात हा विषय निघाला की सगळे एकदम गप्प होतात आणि मैत्रिणींना अगदी पहिल्यापासून सगळं समजावून सांगायची ताकद राहिली नाहीये.

मी बारावी सायन्स केलं, निकाल लागलाय, चांगला आहे. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत इकॉलॉजीसाठी अप्लाय केलं होतं, नाव नाही लिहीत, पण शंभर अर्जांतले पाच-सहाच घेतात अशांपैकी आहे. मार्चच्या शेवटी पोर्टल उघडलं तेव्हा हो आलं तर काय आणि नाही आलं तर काय या दोन्हीची तयारी होती आणि आलं वेटलिस्ट, म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही, जागा उरल्या तर बघू. त्या यादीवर राहायचंय का असा एक फॉर्म होता तो लगेच भरला. दुसरीकडे एका स्टेट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीये, फीमध्ये थोडी स्कॉलरशिप पण दिलीये, तिथली जागा पक्की करायचं डिपॉझिट बाबांनी १ मेच्या मुदतीच्या आत भरलं, भरताना एकच विचारलं, हे परत मिळतं का गं, मी नाही म्हटलं, मग काही न बोलता भरलं. आयसरच्या, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी विज्ञान संस्थांच्या, प्रवेश परीक्षेचा फॉर्मही भरलेला आहे. आई म्हणते झेवियर्स, रुईया काय वाईट आहेत, तर अजिबात वाईट नाहीयेत, मला माहितीये. माझ्याकडे जायला जागाच नाही असं नाहीये हे आधीच सांगते.

पण मला तिथेच जायचंय त्याला कारण आहे. मी नववीपासून भांडुप पंपिंग स्टेशनला पक्षी बघायला जाते. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला ना, त्याच वर्षी सुरुवात केली. तेव्हा फक्त फ्लेमिंगो दिसायचे, मग हळूहळू त्यांच्या पायाखालचा चिखल दिसायला लागला, म्हणजे ते जे खातात ते शेवाळ, चिखलातले किडे, ओहोटीला कुठला पट्टा उघडा पडतो आणि कुठल्या पट्ट्यात आता कोणीच उतरत नाही. त्या युनिव्हर्सिटीत एक अख्खी लॅब फक्त याच्यावर काम करते, खाडीच्या तोंडाशी नदीचं आणि समुद्राचं पाणी मिसळतं तिथल्या चिखलावर. त्यांचे जेवढे पेपर मला समजले तेवढे वाचलेत, न समजलेले पण वाचलेत. म्हणून नावासाठी हवंय असं कोणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

आता वाट बघण्याचं. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, तिथून माझा जीव वरखाली व्हायला सुरुवात होते आणि आपल्या रात्री अडीचला त्यांचं ऑफिस बंद होईपर्यंत झोप येत नाही. शनिवार-रविवार जरा बरे जातात कारण तेव्हा कोणी मेल करणार नाही हे माहीत असतं. मोबाईल वाजला की पोटात गोळा येतो आणि निघतो बँकेचा मेसेज. सोसायटीत काकू विचारतात काय झालं अमेरिकेचं, मामा विचारतो वेटिंगमध्ये कितवा नंबर आहे, म्हटलं नंबर नसतो, तर म्हणतो असं कसं, काहीतरी लिस्ट असेलच की, नीट विचार त्यांना. आणि मग मला पण वाटायला लागतं की खरंच विचारावं का.

तर मला विचारायचंय की अशा वेळी आपण काही केल्याने फरक पडतो का, परत एखादं पत्र लिहावं का की त्याने ते वैतागतील, आणि मला पैशांची मदत लागणारच आहे, पूर्ण फी आम्ही भरूच शकत नाही, तर वेटलिस्टमधून घेताना ते हे बघतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे कधी संपतं, म्हणजे कुठल्या तारखेला मी स्वतःला सांगू की आता नाही. आयसरचा अभ्यास करायला बसते आणि तेच पान परत परत वाचते. ज्यांनी हे सहन केलंय त्यांनी प्लीज सांगा.

—

दादरचा मास्तर

तुझी पोस्ट वाचली. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवतो आणि बाहेर अर्ज करणाऱ्या मुलांची शिफारसपत्रं, ट्रान्सक्रिप्ट वगैरे बघतो, त्यामुळे दर वर्षी मे महिन्यात तुझ्यासारखी एक-दोन मुलं समोर असतात. नीट सविस्तर लिहितो, सावकाश वाच.

मामांना सांग की नंबर खरंच नसतो आणि ते लपवत नाहीयेत. आपल्याकडे कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशात, मेरिट नंबर असतो, वरचा हलला की खालचा सरकतो, ती सवय आपल्या डोक्यात बसलेली आहे. तिकडे बहुतेक ठिकाणी वेटलिस्टला क्रम नसतोच. अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या दर वर्षी कॉमन डेटा सेट नावाचा एक कागद काढतात, त्यात सी२ हा भाग बघ. किती जणांना वेटलिस्टवर ठेवलं, किती जणांनी राहायचं ठरवलं, शेवटी किती जणांना घेतलं, आणि यादीला क्रम आहे का, असे प्रश्न त्यात असतात. तुझ्या युनिव्हर्सिटीचं नाव आणि कॉमन डेटा सेट असं शोधलंस तर सहसा मागची चार-पाच वर्षं मिळून जातात. पण बघताना मन घट्ट कर, कारण एकाच संस्थेत एखाद्या वर्षी एकही मूल घेतलेलं नसतं आणि एखाद्या वर्षी शंभराच्या वर घेतलेली असतात. सरासरी काढून स्वतःचे चान्सेस ठरवू नकोस, त्याला अर्थ नाही.

असं का होतं तर त्यांना दर वर्षी एक अंदाज बांधावा लागतो. समजा १,५०० जागा आहेत, तर ते २,००० मुलांना होकार कळवतात कारण काही मुलं दुसरीकडे जाणार हे गृहीत असतं. १ मेपर्यंत जर १,४५० मुलांनी हो म्हटलं तर ५० जागा उरतात, १,५२० नी हो म्हटलं तर वेटलिस्ट उघडतच नाही. २०२० मध्ये कोविडमुळे कोण येणार कोण नाही याचा कोणालाच भरवसा नव्हता, तेव्हा अनेक ठिकाणी वेटलिस्टमधून नेहमीपेक्षा जास्त मुलं घेतली. म्हणजे हे सगळं दुसऱ्या हजारो मुलांनी काय ठरवलं यावर चाललेलं असतं. आणि उरलेल्या जागा भरताना पण ते बघतात की कुठल्या विषयात मुलं कमी पडली, कुठल्या भागातून कमी आली. तुझ्या अर्जात काही कमी होतं म्हणून तू तिथे अडकलीस असं समजू नकोस, कमी असतं तर सरळ नाही आलं असतं.

आता पत्र. हो, लिही, एकच लिही. त्याला ते लोक लेटर ऑफ कंटिन्युड इंटरेस्ट म्हणतात. आधी पोर्टल आणि वेटलिस्टचा मेल परत वाच, काही संस्था स्पष्ट लिहितात की जास्तीचं काही पाठवू नका, तसं असेल तर पाठवायचं नाही. तसं नसेल तर एका पानात बसेल एवढं. त्यात तुला ती युनिव्हर्सिटी किती आवडते हे दोन ओळींत आणि बाकी सगळं जानेवारीनंतर नवीन काय घडलं ते. तू खाडीचं जे वर लिहिलंयस ना, कुठल्या पट्ट्यात पक्षी उतरत नाहीत ते, यंदाच्या सीझनमध्ये तू काय नोंदवलंस, ते लिही. अर्जात जे आधीच लिहिलंय ते परत नको. आणि घेतलंत तर मी नक्की येईन हे वाक्य तेव्हाच लिही जेव्हा घरी पैशाचं बोलून झालेलं असेल. आईबाबांकडून फोन, ओळखीच्या कोणाकडून चिठ्ठी, दर आठवड्याला मेल, यातलं काहीही नको.

पैशांबद्दल तुला खरं ते सांगतो. परदेशी मुलांनासुद्धा पैशाची गरज न बघता निवडणाऱ्या संस्था अमेरिकेत मोजक्याच आहेत, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ ही त्यातली नावं. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलांच्या बाबतीत गरज विचारात घेतात, आणि वेटलिस्टपर्यंत येईतो मदतीचा बराचसा पैसा वाटून झालेला असतो. म्हणून ॲडमिशन ऑफिसला नम्रपणे एवढं विचारायला हरकत नाही की वेटलिस्टवरच्या परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक मदत मिळते का. हा प्रश्न त्यांना खटकत नाही, रोजचा आहे. मिळत नाही असं उत्तर आलं तरी निदान तुला कळेल की होकार आला तरी तो घेता येणार आहे की नाही, आणि मला वाटतं तुझ्या आत्ताच्या त्रासातला अर्धा भाग याचाच आहे.

कधी संपतं याची एक तारीख नसते. सगळ्यात जास्त हालचाल मेच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आणि जूनमध्ये, काही ठिकाणी जुलैपर्यंत रेंगाळते. बऱ्याच संस्था शेवटी यादी बंद केल्याचा मेल करतात. तुझ्यासाठी खरी तारीख व्हिसाची आहे, त्याबद्दल इथे कोणी अनुभवी असेल तर लिहा.

—

माटुंगा ते मॅसॅच्युसेट्स

मी लिहितो व्हिसाचं, कारण मी वेटलिस्टमधूनच आलोय. आता तिसऱ्या वर्षाला आहे.

मला मेल जूनच्या मध्यावर आला. तोपर्यंत मी दुसऱ्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रूममेट शोधत होतो, मनाने तिकडेच गेलो होतो. मेलमध्ये उत्तर द्यायला फार थोडे दिवस दिले होते, आणि मदतीचं पॅकेज वेगळ्या पत्रात आलं तेही मुदत संपायच्या जरा आधी. त्या दिवसांत घरी जे बोलणं झालं ते आधीच झालेलं असतं तर सगळ्यांना सोपं गेलं असतं, म्हणून मास्तर सांगतायत ते ऐक, किती रकमेपर्यंत हो म्हणायचं आणि त्यावर गेलं तर नाही म्हणायचं, तो आकडा आजच आईबाबांबरोबर बसून कागदावर लिहून ठेव. तेव्हा आनंदाच्या भरात कोणालाच आकडे दिसत नाहीत, आणि बाबा लोक तर मुलीचा चेहरा बघून हो म्हणून मोकळे होतात.

व्हिसाचं असं की स्टेट युनिव्हर्सिटीचा आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद, मागवून घे, थांबू नकोस. वेटलिस्टचं कळू दे मग बघू असं करणारी मुलं जुलैत अडकतात. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीची, फी ३५० डॉलर आहे, ती भर, डीएस-१६० म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भर आणि मुंबईची अपॉइंटमेंट मिळेल ती घे, बायोमेट्रिक वेगळं असतं आणि इंटरव्ह्यू बीकेसीच्या कॉन्सुलेटला. २०२५ मध्ये मेच्या शेवटी त्यांनी विद्यार्थी व्हिसाच्या नवीन अपॉइंटमेंट देणंच थांबवलं होतं आणि जूनमध्ये सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायच्या अटीवर परत सुरू केलं, माझ्या ओळखीच्या ज्युनिअर मुलांची तेव्हा जी हालत झाली ती मी फोनवर ऐकलीये. त्यामुळे अपॉइंटमेंट हातात असणं फार मोठी गोष्ट आहे. मध्येच वेटलिस्टमधून होकार आला तर नवीन युनिव्हर्सिटी नवीन आय-२० देते, त्यावर सेव्हिस नंबर वेगळा असतो, आधी भरलेली फी त्या नंबरवर वळवून घेता येते, परत भरावी लागत नाही. डीएस-१६० मात्र नवीन नंबर घालून परत भरायचा आणि तो अपॉइंटमेंटला जोडायचा. जिथे खरंच जाणार आहेस त्याच आय-२० वर इंटरव्ह्यू द्यायचा, हे पक्कं लक्षात ठेव.

आणि एक. माझ्याबरोबर त्याच यादीवर माझा एक मित्र होता, ठाण्याचा, माझ्यापेक्षा हुशार, ऑलिम्पियाडवाला. त्याला नाही आलं. आम्ही दोघांनी पत्र लिहिलं होतं, दोघांचे मार्क सारखे, मला आजपर्यंत कळलेलं नाही की मी का आणि तो का नाही. त्याला भेटायचं म्हटलं की मला अजून जड जातं. हे मी तुला घाबरवायला नाही सांगत. तुझ्या बाजूने जे करण्यासारखं आहे ते पत्र पाठवल्यावर संपतं, त्यानंतर रात्री अडीचपर्यंत जागून तू त्यात काहीच भर घालत नाहीयेस. मेलचं नोटिफिकेशन रात्री बंद कर. त्यांनी मेल केला तर तो सकाळी सातला पण तिथेच असेल, मुदत काही तासांची नसते.

तुझ्या लॅबचं म्हणशील तर, पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत लॅबमध्ये आपण बाटल्या धुणं आणि नमुने वाळवणं यापासून सुरुवात करतो, आणि ते काम तुला आवडेल असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. पण खाडीवर काम करणारे लोक स्टेट युनिव्हर्सिटीतही असतात. तिथल्या प्राध्यापकांची यादी उघडून बघितलीस का? आजच बघ.

—

बोरिवलीची आई

बाळा, मी शिकलेली आहे पण यातलं तांत्रिक मला काही सांगता येणार नाही, माझ्या मुलाच्या वेळी जे घरात झालं ते सांगते.

त्याला आलं नाही. यादी बंद झाली असा मेल जुलैत आला, तोपर्यंत आमच्या घरात कोणी मोठ्याने हसलं नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. आपल्याला वाटतं मूल वाट बघतंय, पण खरं अख्खं घर वाट बघत असतं आणि प्रत्येक जण दुसऱ्यापासून लपवत असतो. त्याचे बाबा ऑफिसमधून फोन करायचे, जेवलास का विचारायचे, आणि मला माहीत असायचं की त्यांना काय विचारायचंय. तुझे बाबा डिपॉझिट भरताना गप्प राहिले ना, ते रागावलेले नाहीत गं. त्यांना तुला काय विचारावं ते कळत नाहीये. तू आपणहून सांग. आम्ही शेवटी असं ठरवलं की रविवारी सकाळी चहाला बसल्यावर त्याने जे असेल ते सांगायचं, काही नसेल तर काही नाही म्हणायचं, आणि बाकीचे दिवस कोणी विचारायचं नाही. सासूबाई पण पाळायच्या. त्याने खूप फरक पडला, जेवणाच्या ताटावर दुसरे विषय परत आले.

शेजारपाजारच्यांना काय सांगायचं तर, मी सगळ्यांना सांगायचे की एका ठिकाणी ॲडमिशन झालीये, तिथे जाणार आहे. खोटं नव्हतं. तू पण तेच सांग, तुझी ॲडमिशन झालेलीच आहे. वेटलिस्टचं सोसायटीला सांगायची काही गरज नाही, दर चार दिवसांनी ते तुझ्या जखमेवरची खपली काढतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

माझा मुलगा आयसर पुण्याला गेला, पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स आहे तो. पहिले काही महिने तो तिथे पाहुण्यासारखा राहिला, खोलीत सामानसुद्धा पूर्ण लावलं नव्हतं, मी भेटायला गेले तेव्हा बॅग अर्धी भरलेलीच होती. मग हळूहळू रमला. तो आता कोकणातल्या कातळसड्यांवरच्या वनस्पतींवर काम करतो, पावसाळ्यात गुडघाभर चिखल घेऊन घरी येतो. तुझं खाडीचं वाचलं आणि मला तोच आठवला. म्हणून तुला कळकळीने सांगते, परीक्षेचा अभ्यास सोडू नकोस. ती परीक्षा वाट बघत थांबणार नाही.

आणि पैशांचं मास्तरांनी लिहिलंय त्यात एक भर घालते कारण आम्ही तेव्हा सगळं शोधलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या शिष्यवृत्त्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, ती कर्जरूपाने मिळते पण पुढच्या शिक्षणाला. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची अनुसूचित जातीच्या मुलांसाठीची परदेश शिष्यवृत्ती आहे तीही पदव्युत्तर आणि पीएचडीला. म्हणजे आत्ता नाही जमलं तर चार-पाच वर्षांनी जायची वाट आत्ताच्यापेक्षा रुंद असते. हे मी तेव्हा मुलाला सांगितलं की तो चिडायचा, तू पण चिडशील, चिड. पण माहिती असू दे.

—

खाडीकाठची, भांडुप

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मला रडूच आलं वाचताना, आईला पण वाचून दाखवलं. बोरिवलीच्या काकू, तुमचं वाचून आई उठून आत गेली आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाली रविवारचं आपण पण करू.

मास्तर, कॉमन डेटा सेट बघितला. एका वर्षी खूपच कमी घेतलेत, त्याच्या आधीच्या वर्षी बऱ्यापैकी. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी त्या कमी आकड्यावरच अडकून बसले असते. क्रम आहे का यापुढे नाही असं लिहिलंय, त्याचा फोटो काढून मामाला पाठवला. मेलमध्ये पत्र पाठवू नका असं कुठेही नाहीये, म्हणून लिहायला घेतलंय. या सीझनमध्ये मी ओहोटीच्या वेळा धरून एकाच जागेवरून मोजणी केली होती, भरतीच्या आधी आणि नंतर वेगवेगळी, ते अर्जाच्या वेळी झालंच नव्हतं, तर तेच मुख्य ठेवतेय. आर्थिक मदतीचा प्रश्न वेगळ्या मेलने विचारला.

माटुंग्याच्या दादा, स्टेट युनिव्हर्सिटीची यादी बघितली, खारफुटीवर काम करणारे एक प्राध्यापक आहेत, मला माहीतच नव्हतं. आय-२० साठी कागद मागितलेत पण बाबा म्हणतात कर्जाचं सँक्शन लेटर त्या युनिव्हर्सिटीच्या नावाने निघेल, मग पुढे बदललं तर सगळं परत करायचं का, म्हणून ते थोडं थांबू म्हणतायत. याबद्दल कोणाला माहितीये का? आणि बारावीची मार्कशीट पत्रासोबत पाठवायची का?

—

निवृत्त बँकवाला, विलेपार्ले

बाबांना सांग थांबू नका. मी आयुष्य कर्जाच्या टेबलावर काढलंय. सँक्शन लेटर एका संस्थेच्या आणि एका कोर्सच्या नावाने असतं हे बरोबर, पण त्यातलं जे वेळखाऊ काम आहे ते संस्थेशी संबंधित नसतं. बाबांचे उत्पन्नाचे कागद, तीन वर्षांची आयटी रिटर्न, सिबिल म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा स्कोअर, आणि तारण म्हणून फ्लॅट देणार असाल तर त्याचं टायटल सर्च, व्हॅल्युएशन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी, यालाच आठवडे लागतात. सोसायटीचे सेक्रेटरी गावाला गेलेले असले तर एनओसीलाच किती वेळ जाईल सांगता येत नाही, मे महिना आहे. हे एकदा झालं की संस्था बदलली तरी नवीन ॲडमिशन लेटर आणि खर्चाचा नवा तक्ता देऊन बँक प्रस्ताव सुधारून घेते, वसुलीची क्षमता आणि रक्कम परत तपासतात पण घराची फाईल नव्याने उघडावी लागत नाही. बँक मॅनेजरला आजच सांगून ठेवा की असं होऊ शकतं, तो सहकार्य करतो, लपवून ठेवलं आणि शेवटच्या आठवड्यात सांगितलं की मग अडचण होते. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात, पण काही बँकांकडे निवडक परदेशी संस्थांची यादी असते, तिच्यात नाव असेल तर विनातारणही मोठी रक्कम देतात, तुझ्या दोन्ही संस्थांची नावं त्यात आहेत का ते विचारा.

पैसे पाठवण्याचं पण आत्ताच समजून घ्या. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत बाहेर पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर त्यावर टीसीएस लागतच नाही. स्वतःच्या बचतीतून आणि कर्जातून असं मिसळून पाठवणार असाल तर आधी कोणतं वापरायचं ते सीएला विचारून ठरवा. आणि मुली, बाबांना हे सगळं तू समजावून सांग, कागद तू लाव. मुलं स्वतः फाईल घेऊन यायची तेव्हा आम्हाला बरं वाटायचं.

—

दादरचा मास्तर

मार्कशीटचं सांगतो. वेटलिस्टवाल्यांना पत्रात निकाल एका ओळीत कळव आणि ऑनलाइन निकालाची प्रत पोर्टलवर अपलोड करायची सोय असेल तर कर, सोय नसेल तर तुझ्या कॉलेजच्या मॅडमना त्यांच्या ऑफिशियल मेलवरून पाठवायला सांग, त्याला जास्त वजन असतं. मूळ गुणपत्रिका कॉलेजात यायला ऑनलाइन निकालानंतर थोडे दिवस लागतात, ती आली की शिक्का मारलेल्या प्रती जास्तीच्या काढून ठेव, स्टेट युनिव्हर्सिटीला फायनल ट्रान्सक्रिप्ट द्यावंच लागेल, आयसरच्या कौन्सेलिंगलाही गुणपत्रिका लागेल, आणि सुट्टीत कॉलेजचं ऑफिस दुपारी लवकर बंद होतं तेव्हा सकाळीच जा.

पत्राचा मसुदा इथे टाकू नकोस, मला मेसेज कर, मी वाचतो. मोजणीचा भाग लांबला तरी चालेल, कौतुकाचा भाग काप.